थोरलीचं मीठ

हॉलमधल्या काचेच्या टाकीत तीनशे लिटर पाणी आहे. ते पाणी समुद्राचं नाही, पण समुद्रासारखं आहे. गाळलेल्या गोड्या पाण्यात खास मीठ विरघळवून ही ते तयार करायची. ही म्हणजे माझी बायको. ही गोष्ट ज्या रविवारची, त्या दिवशी तिला जाऊन पाच महिने झाले होते.

टाकीत सहा मासे, काही शिंपले आणि प्रवाळ आहेत. प्रवाळ दिसायला झाडासारखं, हाताला दगडासारखं आणि खरं तर प्राणी असतं. हिने त्यांना नावं दिली होती: थोरली, मधली, धाकटी. थोरली पहिल्यांदा आली तेव्हा अंगठ्याएवढी होती. तेरा वर्षांत ती फुलकोबीच्या गड्ड्याएवढी झाली. तिच्या दगडी फांद्यांना सतरा टोकं होती. प्रत्येक टोकाला एक तोंड आणि तोंडाभोवती हिरव्या बोटांचा झुबका. पाणी हललं की ती बोटं डुलतात. ही शेवटी इस्पितळात शुद्धीवर आली तेव्हा तिने घरचं एकच विचारलं, "थोरली उघडली का?" मी जेवलो का, हे तिने एकदाही विचारलं नाही. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाली, "तुम्हाला भूक लागली तर सांगता येतं."

ही गेल्यावर मुलगी म्हणाली, टाकी कुणाला तरी देऊन टाका, तुमच्याच्याने व्हायचं नाही. मी म्हणालो, बत्तीस वर्षं कारखान्याचा बॉयलर सांभाळला, टाकी काय सांभाळता येणार नाही? तत्त्व तेच आहे. बॉयलरमधून वाफ जाते, क्षार मागे राहतात. टाकीतूनही रोज चार-पाच लिटर पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून रोज खुणेपर्यंत गोडं पाणी घालायचं. दर दुसऱ्या रविवारी वीस लिटर जुनं पाणी काढायचं आणि वीस लिटर तयार खारं पाणी घालायचं. हिला करताना मी हजार वेळा पाहिलं होतं.

त्या रविवारी सकाळी नऊला मी नळी लावून जुनं पाणी टबात सोडलं आणि मेहुणीचा फोन वाजला.

मेहुणी दर रविवारी फोन करते. तिचा आणि हिचा आवाज फोनवर सारखा येतो, इतका की पूर्वी मीसुद्धा फसायचो. समोर बसली की मेहुणी मेहुणीच असते, पण फोनवर डोळे मिटले तर मिटलेलेच ठेवावेसे वाटतात. त्या दिवशी तिने दोघींच्या लहानपणची गोष्ट काढली. हिने म्हणे सातव्या वर्षी शेजाऱ्यांच्या कासवाला फिरायला नेलं आणि बसच्या बाकावर विसरून आली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, कासव तिथेच! जाणार कुठे ते, धावत? भावोजी, ऐकताय ना?"

"ऐकतोय. बोल तू."

मी आतल्या खोलीत पलंगावर डोळे मिटून बसलो होतो. कासवानंतर तिच्या गुडघ्याची गोष्ट झाली, मग तिच्या नवऱ्याच्या घोरण्याची. पाऊण तास गेला. नळी माझ्या डोक्यातून साफ गेली.

दार बडवल्याचा आवाज आला तेव्हा डोळे उघडले. खालच्या मजल्यावरचे मास्तर दारात उभे होते. गणित शिकवून निवृत्त झालेत, कधी आवाज चढवत नाहीत.

"अहो, माझ्या दिवाणावर गळतंय! छतातून! आणि एक थेंब तोंडात गेला, तो खारट लागला. खारट लागल्यावर माणूस नको नको ते विचार करतो हो."

दार उघडायला धावताना पाय ओले झाले होते, ते आता कळलं; मी वळून पाहिलं. टब भरून वाहत होता, हॉलभर पाणी होतं, आणि टाकी जवळजवळ एकतृतीयांश रिकामी झाली होती. थोरलीचा वरचा भाग पाण्याबाहेर आला होता. तिची बोटं ओल्या चिंधीसारखी लोंबत होती.

बॉयलरवर नवीन माणूस आला की मी त्याला पहिली गोष्ट ओरडून शिकवायचो: पातळीच्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर घाबरून पाणी सोडायचं नाही. आधी आग बंद कर, मग विचार कर, मग हात लाव. बत्तीस वर्षं ओरडलो. आणि स्वतःच्या घरात काय केलं? नळी उपसली, तयार वीस लिटर खारं पाणी ओतलं, ते पुरेना म्हणून गोड्या पाण्याचं सत्तर लिटरचं पिंप तांब्यातांब्याने अख्खं टाकीत रिकामं केलं. पाणी खुणेला टेकलं तेव्हा छाती भरून श्वास घेतला. मास्तरांना म्हणालोसुद्धा, "झालं. बरोबर पातळीवर आणलं."

मास्तर म्हणाले, "माझ्या दिवाणाची पातळी पण बघायला या."

मग दुपारपर्यंत फरशी पुसणं, मास्तरांचा दिवाण सरकवणं, त्यांच्या छताखाली बादली ठेवणं, यात वेळ गेला. तीन वाजता टाकीसमोर येऊन बसलो. थोरली मिटली होती. म्हणजे बोटं आत ओढून घेतली होती आणि सतरा टोकांवर नुसते फुगलेले हिरवट गोळे उरले होते. मधली, धाकटी, सगळ्या तशाच. शिंपले तळाला पालथे पडले होते. मासे तेवढे फिरत होते, जसं काही झालंच नाही.

खारटपणा मोजायला हिची एक लहान दुर्बिणीसारखी नळी आहे. तिच्या काचेवर दोन थेंब टाकायचे आणि उजेडाकडे धरून आत पाहायचं. निळा आणि पांढरा रंग जिथे भेटतात तिथला आकडा वाचायचा. आपल्या टाकीचा आकडा पस्तीस, म्हणजे लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ. मी पाहिलं तर सत्तावीस. काच पुसून पुन्हा थेंब टाकले. सत्तावीसच.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गेलं होतं ते खारं पाणी, आणि मी भरलं होतं ते गोडं. पातळी बरोबर होती, पाणी चुकीचं होतं. ज्याला बॉयलरचे क्षार तोंडपाठ, त्याने हे केलं.

आता कारखान्यातली सवय अशी की चूक कळली की तिथल्या तिथे दुरुस्त करायची. मी बादली घेतली, त्यात मिठाचं पाकीट फोडलं, अडीच किलो तरी असेल, आणि काठीने ढवळायला लागलो. मीठ कमी झालंय तर मीठ घालायचं, यात डोकं काय चालवायचं? बादली उचलली. पण ओतायच्या आधी वाटलं, एकदा कुणाला तरी विचारावं. सकाळी न विचारता केलेल्याचा निकाल समोर दिसत होता.

इथे हिच्या व्याह्यांबद्दल सांगायला हवं. प्रवाळाची फांदी छाटून दुसऱ्या टाकीत लावली तर ती तिथे जगते, वाढते. टाकी पाळणाऱ्यांत रीतच आहे की चांगलं प्रवाळ एकट्याच्या घरी ठेवायचं नाही, चार जणांकडे फांद्या द्यायच्या. आपल्याकडे काही बिघडलं तर त्यांच्याकडून परत आणता येतं. ही त्याला म्हणायची, लेकी सासरी पाठवल्या. आणि ज्यांच्याकडे पाठवल्या ते आपोआप व्याही झाले. थोरलीची एक लेक दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे होती. त्या बाई हिला फोनवर "विहीणबाई" म्हणायच्या आणि दोघी तासभर लेकीच्या तब्येतीवर बोलायच्या. मी त्यांच्याकडे दोन दाढा काढून घेतल्यात, त्यापलीकडे ओळख नाही.

नंबर हिच्या फोनमध्ये होता. तो फोन मी रोज चार्ज करतो, पण वापरत नाही. त्या दिवशी लावला.

पलीकडे दोन रिंग झाल्या आणि उचलला गेला. मग अगदी हळू आवाज आला, "विहीणबाई?"

तेव्हा लक्षात आलं, त्यांच्या फोनवर कुणाचं नाव उमटलं असेल. त्या अंत्यविधीला आल्या होत्या, तरी तोंडातून तेच निघालं.

"मी बोलतोय," मी म्हणालो. "हिचा नवरा. माफ करा, तुमचा नंबर याच फोनमध्ये होता."

"अहो…" त्यांनी श्वास सोडला. "बोला, काय झालं?"

मी सगळं सांगितलं. नळी, फोन, पिंप, सत्तावीस. शेवटी म्हणालो, "आता मिठाची बादली तयार आहे. हळूच ओतू का एका बाजूने?"

"बादली कुठाय?"

"हातात."

"खाली ठेवा."

"पण मीठ कमी झालंय ना."

"व्याहीबुवा, बादली खाली ठेवा. ठेवली? आवाज येऊ दे मला."

मी बादली फरशीवर आपटली. त्यांना आवाज गेला.

"आता ऐका. सकाळी गोडं पाणी आलं तेव्हा तिच्या अंगात पाणी शिरलं, ती फुगली. सहा तासांत बिचारीने स्वतःचं मीठ कमी करून कसंबसं जमवून घेतलंय. आता तुम्ही एकदम मीठ ओतलंत तर तेच पाणी तिच्या अंगातून ओढलं जाईल. एक धक्का बसलाय, दुसरा देऊ नका. पडताना फार घाई झाली, निदान चढताना तरी नको. दिवसाला दीड आकडा. त्याच्यावर एक कणही नाही."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

हिला इस्पितळात नेलं तेव्हा तिच्या रक्तातलं मीठ फार उतरलं होतं. ती कुणाला ओळखत नव्हती, मलाही काहीतरी भलत्याच नावाने हाक मारत होती. तिथले डॉक्टर म्हणाले, मीठ कमी झालंय, हळूहळू वाढवतोय. एक दिवस गेला, आकडा थोडासा वर. दुसरा दिवस गेला, आणखी थोडासा. मी त्यांना वऱ्हांड्यात गाठलं आणि म्हणालो, "मीठच कमी आहे ना? मग घाला की! तुमच्याकडचं संपलंय का? घरून आणून देऊ?" ते शांतपणे म्हणाले, "काका, घाईने वाढवलं तर मेंदूला इजा होते." मला ते टाळल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी ती थोडी शुद्धीवर आली, थोरलीची चौकशी केली, आणि चौथ्या दिवशी तिचं हृदय बंद पडलं. हृदय आधीपासून कमजोर होतं, हे मला ठाऊक होतं. तरी पाच महिने मी मनात एकच हिशेब घोळवत होतो: त्यांनी हयगय केली. मी आणखी ओरडायला हवं होतं. मी मीठ घालायला लावलं असतं तर ती आज असती. मुलीला हे कधी बोललो नाही. मेहुणीला एकदा बोललो होतो.

"ऐकताय ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माणसाचंही असंच असतं का?" मी विचारलं. "रक्तातलं मीठ उतरलं तर?"

त्यांना हिचं सगळं माहीत होतं.

"मी दातांची डॉक्टर," त्या म्हणाल्या. "पण एवढं आम्हालाही शिकवतात. हो, असंच असतं. हळूच वाढवावं लागतं. त्यांनी हळू केलं होतं?"

"हो. फार हळू."

"मग बरोबर केलं होतं त्यांनी."

मी बादलीकडे पाहिलं. अडीच किलो मीठ तळाशी अजून पुरतं विरघळलं नव्हतं. मी मोठ्या प्रेमाने, भल्यासाठी, थोरलीला मारायला निघालो होतो. आणि तिथे वऱ्हांड्यात माझ्या हातात बादली असती तर तिथेही ओतली असती. बरं झालं, नव्हती.

मी खुर्चीत बसलो आणि रडलो. पण खरं सांगायचं तर ते रडणं आधीच्यासारखं नव्हतं. घट्ट बूट काढल्यावर पाय जसा दुखतो आणि बरंही वाटतं, तसं काहीसं होतं.

हिशेब मास्तरांनी करून दिला. सत्तावीसवरून पस्तीसवर जायचं, तीनशे लिटर, दिवसाला दीड. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला मांडणी केली आणि म्हणाले, "रोज साडेचारशे ग्रॅम. पाच दिवस. सहाव्या दिवशी उरलंसुरलं."

"चुकणार नाही ना?"

"अहो, माझा दिवाण भिजलाय, गणित नाही भिजलं."

रोज उडून जाणाऱ्या पाच लिटरच्या जागी आता मी गोड्याऐवजी साडेचारशे ग्रॅम मिठाचं पाणी घालणार होतो, तेही थेंबाथेंबाने. डॉक्टरीणबाईंनी युक्ती सांगितली: बारीक नळीला सैल गाठ मारायची, गाठ जितकी आवळाल तितका थेंब मंद. टाकीच्या खालच्या कपाटात एक लहान टाकी आहे, पंप तिथून पाणी वर ढकलतो. थेंब तिथे सोडायचे, म्हणजे वर पोचेपर्यंत मिसळून जातात. त्या पाण्याचा कॅन वर टांगला, नळी सोडली, गाठ आवळली. खाली लहान स्टूल घेऊन बसलो आणि थेंब मोजले. सलाईनचे थेंब मी असेच मोजायचो, तेव्हा चडफडत. आता थेंब जरा भराभर पडायला लागले की मीच गाठ आवळत होतो.

सोमवारी आकडा साडेअठ्ठावीस. थोरली मिटलेलीच. दोन शिंपले मेले होते, ते काढून टाकले.

संध्याकाळी दवाखाना बंद करून डॉक्टरीणबाई आल्या. हातात झाकणाचा डबा होता. त्यात त्यांच्या टाकीतलं पाणी आणि थोरलीच्या लेकीची एक फांदी होती. दोन तोंडांची, टवटवीत हिरवी, डब्यातही डुलत होती.

"ही सोबत आणली," त्या म्हणाल्या. "म्हणजे, समजा काही झालंच तर. तुमच्याकडे अजून आकडा कमी आहे, आज घालायची नाही. पस्तीस झाला की मग."

त्यांचा हेतू चांगला होता. पण मला तो डबा बघवेना. आजारी माणसाच्या उशाशी त्याच्या जागी येणारा माणूस आणून बसवल्यासारखं वाटलं.

"परत न्या," मी म्हणालो. "थोरली अजून आहे."

"बरं," त्या म्हणाल्या, अजिबात न रागावता. मग टाकीसमोर वाकून बराच वेळ पाहत राहिल्या. "माझ्याकडे येणाऱ्यांना मी म्हणते, तोंड उघडा. हिला सतरा तोंडं, आणि एक उघडायला तयार नाही."

मंगळवारी आकडा तीस झाला. थोरलीच्या मागच्या दोन टोकांवर पांढरा चिकट थर आला. मी फोटो पाठवला. डॉक्टरीणबाई दुपारच्या सुट्टीत दवाखान्यातली कात्री घेऊन आल्या. ती दोन टोकं कुजायला लागली होती, ठेवली असती तर बाकीच्यांना लागलं असतं. त्यांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि दोन कट-कट आवाजांत ती काढली. दाढ काढताना चेहरा करतात तसाच चेहरा होता.

"दुखतं का तिला?" मी विचारलं.

"तुमची दाढ काढली तेव्हा तुम्ही जेवढे ओरडलात, तेवढी नाही ओरडली."

बुधवारी साडेएकतीस. गुरुवारी तेहतीस. जीव टांगणीला होता. दिवसातून वीस वेळा मी टाकीपाशी जायचो आणि लांबूनच पाहायचो, जवळ गेलो तर तिला ताण येईल असं काहीतरी वाटायचं. मास्तर रोज सकाळी वर येऊन विचारायचे, "उघडली का?" जिना चढताना दमत होते, तरी यायचे. एकदा हातात मिठाचं माप होतं आणि वाटलं, सातशे ग्रॅम घालावं, उद्याचं आजच उरकावं. खरंच वाटलं. मग बादलीचा आवाज आठवला आणि माप खाली ठेवलं. साडेचारशेच घातलं.

शुक्रवारी साडेचौतीस. मधली आणि धाकटी अर्ध्या उघडल्या. थोरली नाही. शनिवारी आकडा पस्तीसवर टेकला. मी थेंबांची नळी काढून धुऊन ठेवली. आता माझ्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि ते सगळ्यात अवघड होतं.

रविवारी सकाळी टाकीचे दिवे लागले तेव्हा मी चहा घेऊन समोर बसलो. पुढच्या डाव्या टोकावर एक बोट बाहेर आलेलं दिसलं. आधी वाटलं काचेवरचा डाग आहे, बाहीने काच पुसली. डाग नव्हता. मग त्याच्या शेजारी दुसरं. चहा निवेपर्यंत त्या टोकाचा पूर्ण झुबका बाहेर आला, मग पलीकडच्या टोकाचा. पंपाचं पाणी आलं की ती बोटं एकदम एका बाजूला झुकत आणि परत येत. मी मोजत बसलो. नऊ. बारा. पंधरा. पंधराच होती आता, पंधराच्या पंधरा उघडली.

मी मास्तरांना हाक मारायला जिन्यात गेलो तर ते आधीच अर्ध्या जिन्यात होते.

नऊ वाजता फोन वाजला. मी आधी हॉलभर नजर फिरवली. नळी खुंटीला टांगलेली होती, टब कोरडा होता. मग फोन घेऊन टाकीसमोरच बसलो.

"भावोजी, मागच्या रविवारी मध्येच फोन ठेवलात. मी म्हटलं, माझ्या गुडघ्याला कंटाळले."

"नाही गं. ऐक, तुला एक सांगायचंय. मी तुला तेव्हा म्हणालो होतो ना, की इस्पितळात हयगय झाली? मीठ लवकर घातलं असतं तर वाचली असती?"

"म्हणाला होतात," ती म्हणाली. "रोज येतं ते मनात."

मला ते माहीत नव्हतं. माझं ओझं मी तिच्याही डोक्यावर ठेवलं होतं आणि विसरून गेलो होतो.

"ते चूक होतं. मी चूक होतो. हळूच घालावं लागतं ते. त्यांनी बरोबर केलं होतं. तिचं हृदयच थकलं होतं, बाकी काही नाही."

तिला मी सगळं सांगितलं, कासवापासून कात्रीपर्यंत. ती मध्ये एकदाही बोलली नाही, आणि तिने मध्ये न बोलणं म्हणजे काय ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नंतर तिने नाक शिंकरलं. मग विचारलं, अगदी हिच्याच आवाजात, "मग थोरली उघडली का?"

"उघडली," मी म्हणालो. "दोन तोंडं गेली. पंधरा आहेत."

"आणि तुम्ही जेवलात का?"

"अजून नाही," मी म्हणालो. "भूक लागली की सांगेन."